वेळू लिहिणे : एका क्रियापदाचा विचार

चिनी चित्रमीमांसेतील एक लहानसे विधान मराठीत आणू पाहणाऱ्याची अडचण त्यातील नामांशी होत नाही, क्रियापदाशी होते. युआन राजवटीच्या काळातील तांग होउ या चित्रपारख्याने असे नोंदवून ठेवले आहे की, मेई वृक्षाचा फुलोरा, वेळू आणि ऑर्किड यांच्या चित्रांविषयी बोलताना ती 'रंगविली' असे म्हणत नाहीत, ती 'लिहिली' असे म्हणतात. कारण या वनस्पतींचे निर्मळपण चित्रकाराने आशयाने पकडावयाचे असते, केवळ बाह्य साम्याने नव्हे. आपल्याकडील कलाविषयक लेखनात मात्र हे वेळू बिनदिक्कत 'काढले' किंवा 'रंगविले' जातात. ज्या चित्रात रंग नाही ते रंगविले कसे, असा प्रश्नही कोणास पडत नाही.

मराठी कानाला 'चित्र लिहिणे' हा प्रयोग परका वाटण्याचे वास्तविक कारण नाही. संस्कृतातील 'लिख्' धातूचा मूळ अर्थ ओरखडणे. त्यातून चित्र रेखाटणे आणि अक्षर लिहिणे हे दोन्ही अर्थ निघाले. मेघदूतातील यक्ष शिळेवर गेरूसारख्या धातुरंगांनी प्रियेची आकृती उमटवितो, तेथे कालिदासाने याच धातूचे रूप योजिले आहे. आणि हा प्रयोग केवळ ग्रंथांतच उरला आहे असेही नाही. डहाणू, तलासरी, जव्हार या पट्ट्यात वारली कुटुंबांतील लग्नाचा चौक भिंतीवर 'लिहिला' जातो. यशोधरा दालमिया यांचा वारली चित्रांवरील ग्रंथ १९८८ साली आल्यापासून ही गोष्ट अभ्यासकांच्या परिचयाची झाली आहे. वारल्यांची वस्ती घाट चढून आमच्या जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतही पसरलेली असल्यामुळे पदव्युत्तर वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याने चिनी वेळू आणि वारली चौक यांची सांगड घालावी, हे साहजिकच आहे. दोन्हीकडे चित्र लिहितात, म्हणून दोन्ही परंपरा एका जातीच्या, असा हा युक्तिवाद असतो. तो आकर्षक आहे. तो टिकत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. परंतु तो का टिकत नाही हे पाहू गेल्यास चिनी वेळूविषयी बरेच काही हाती लागते, म्हणून हा प्रपंच.

प्रथम चिनी शब्दांकडे वळू. चित्र या अर्थाचा तेथील रूढ शब्द 'हुआ'. हेच क्रियापदही आहे. इ. स. १०० मध्ये शू शेन याने पूर्ण केलेल्या 'शुओवेन' या कोशात 'हुआ' याचा अर्थ सीमा असा दिला आहे, आणि त्या चिन्हात शेताची आकृती आहे. हातात कुंचला धरून शेताचे बांध दाखविणे, अशी कल्पना त्यामागे दिसते. याला मराठीत नेमका शब्द 'आखणे' हा आहे. वस्तूची कड आधी रेषेने बांधून घ्यावयाची आणि मग आत जे भरावयाचे ते भरावयाचे, ही चित्राची एक रीत झाली. चीनमध्ये वेळूदेखील या रीतीने काढीत असत. देठाच्या आणि पानाच्या दोन्ही कडा बारीक रेषांनी आखून आत हिरवा रंग भरण्याची पद्धत जुनी आहे.

दुसरा शब्द 'शिए'. आजच्या चिनी भाषेत याचा अर्थ सरळसरळ लिहिणे असा होतो. परंतु 'शुओवेन'मध्ये तो वस्तू ठेवणे असा आहे. एका ठिकाणची वस्तू उचलून दुसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवणे, असे त्याचे जुने प्रयोग सांगतात. त्यावरून एका पोथीतील मजकूर दुसऱ्या पोथीत नेणे, म्हणजे नक्कल करणे, हा अर्थ आला. माणसाचे रूप पटावर नेणे असाही एक झाला. आणि याच कुळातला, पाण्याचे चिन्ह जोडून लिहिला जाणारा शब्द वाहून जाणे, रिते होणे या अर्थाचा आहे. या अर्थांची ही गुंफण पाहून मराठी भाषकास एक शब्द आठवावयास हवा, आणि तो 'लिहिणे' हा नव्हे. तो 'उतरणे' हा आहे. आपण पोथी उतरून घेतो. चित्र हुबेहूब उतरले असे म्हणतो. मनातले कागदावर उतरविले असेही म्हणतो. ओझे उतरवितो ते तर आहेच. स्थलांतर, नक्कल, प्रतिरूप आणि मनातील भार मोकळा करणे हे चारही अर्थ एका धातूत सांभाळणाऱ्या दोन भाषा परस्परांपासून इतक्या दूर असाव्यात, ही भाषाभ्यासकास सुखावणारी गोष्ट होय. तेव्हा 'वेळू लिहिणे' हे भाषांतर चूक नसले तरी अपुरे आहे. 'वेळू उतरविणे' असे म्हटले की चिनी रसिकांना काय अभिप्रेत होते ते अधिक कळू लागते.

हे उतरविणे म्हणजे काय, याचा आद्य नमुना म्हणून वेन तोंग (१०१८–१०७९) याचे नाव घेतात. ताइपेइ येथील राष्ट्रीय प्रासाद संग्रहालयात त्याच्या नावावरील एक मोठा रेशमी पट आहे. त्यात वेळूचा एकच दांडा वरच्या डाव्या बाजूने पटात शिरतो, खाली झुकतो आणि शेवटी टोकाशी पुन्हा वर वळतो. जमीन नाही, आकाश नाही, खडक नाही. पानाला कड नाही. कुंचला टेकविला, दाबला, ओढला आणि उचलला की पान झाले. त्याचा आकार आणि ते करणाऱ्या हाताची गती या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत. काही पाने गर्द काळी आणि काही फिकी आहेत. गडद शाईने पानाची दर्शनी बाजू आणि फिक्या शाईने पाठ दाखविण्याची पद्धत वेन तोंगपासून सुरू झाली, असे मी फू याने नोंदविले आहे. शाई काजळी आणि सरस यांची. ती रेशमात किंवा कागदात एकदा मुरली की पुसता येत नाही. आखलेल्या चित्रात दुरुस्तीला जागा असते. उतरविलेल्या चित्रात ती जवळजवळ नसते.

वेन तोंगचा आप्त आणि मित्र सू शी (१०३७–११०१) याने त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, १०७९ साली, एक निबंध लिहिला. चित्रे उन्हात वाळवीत असता मित्राने दिलेला वेळूचा पट हाती आला आणि रडू कोसळले, असा त्याचा प्रसंग आहे. (या निबंधानंतर तीन आठवड्यांच्या आतच आपल्या कवितांतून राज्यकर्त्यांची निंदा केल्याच्या आरोपावरून सू शी पकडला गेला. लिहिणे हा त्या समाजात किती जोखमीचा व्यवहार होता, हे यावरून ध्यानात यावे.) वेळू उतरवावयाचा तर तो आधी अंतःकरणात पुरा वाढलेला असला पाहिजे, हे त्यातले मत इतके प्रसिद्ध झाले की त्याची चिनी भाषेत म्हण बनली. पण निबंधातील अधिक मोलाची गोष्ट त्यापुढे येते. सू शी म्हणतो की, वेन तोंगने सांगितलेले तत्त्व मला समजते, परंतु मला ते करता येत नाही. मनाला कळते आणि हात ऐकत नाही, कारण अभ्यास कमी पडला. म्हणजे अंतःकरणात वेळू असणे पुरेसे नाही. मराठीत आपण म्हणतो, अजून हात बसला नाही. हस्ताक्षराला आपण 'वळण' म्हणतो आणि मुलाच्या वर्तनालाही 'वळण' लावतो. अक्षर आणि माणूस यांचा जो संबंध चिनी विद्वज्जन गृहीत धरीत होते, तो या एका मराठी शब्दात सामावला आहे. निव्वळ भावनेच्या उमाळ्यावर भर देणारी आपल्याकडील काही विवेचने सू शीच्या निबंधाचा पहिला भाग घेतात आणि दुसरा सोडून देतात, ते योग्य नव्हे.

सू शीविषयी मी फू यानेच आणखी एक हकीकत दिली आहे. सू शी जमिनीपासून टोकापर्यंत दांडा एका दमात ओढीत असे, पेरापेराने थांबत नसे. असे का, म्हणून विचारले असता, वेळू उगवतो तो पेर मोजीत उगवतो काय, असा त्याने उलट प्रश्न केला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर अगदीच हवेतले नाही. वेळूच्या कोंबात पुढील सारी पेरे आधीच दाटीने रचलेली असतात आणि वाढताना ती लांबत जातात. तथापि सू शीला ते सांगावयाचे नव्हते. दांडा आखावयाचा नाही, तो वाढीच्या गतीनेच वर न्यावयाचा, एवढेच त्याचे म्हणणे.

पुढे युआन काळात हा विचार अधिक रेखीव झाला, आणि काहीसा पंडिती झाला. झाओ मेंगफू (१२५४–१३२२) याने आपल्या एका चित्रपटावर लिहून ठेवले आहे की, ज्याला वेळू साधावयाचा त्याने सुलेखनाच्या आठ मूळ फटकाऱ्यांत पारंगत व्हावे. के जिउसी (१२९०–१३४३) याच्या मते दांडा एका लिपिशैलीने, फांद्या दुसऱ्या धावत्या शैलीने आणि पाने तिसऱ्या शैलीने लिहावीत. येथे 'लिहिणे' हे रूपक राहत नाही, कामाची पद्धत होते. कुंचला तोच, शाई तीच, कागद तोच आणि हाताची तालीमही तीच. एवढेच नव्हे, तर कुंचल्याचा दांडा वेळूचा असतो. कुंचला या अर्थाच्या चिनी चिन्हाच्या माथ्यावर वेळूचे चिन्ह आहे, आणि कागद रूढ होण्यापूर्वी चिनी ग्रंथ वेळूच्या पट्ट्यांवरच लिहिले जात. बोरूच्या लेखणीवर पोसलेल्या आपल्या पोथीपरंपरेला हे नाते समजावयास जड जाऊ नये. मात्र आपण बोरूने लिहिले, बोरू लिहिला नाही.

याउलट, ज्या गोष्टीवर आपल्याकडील बहुतेक विवेचने थांबतात ती म्हणजे वेळूचे प्रतीकत्व. वेळू वाकतो पण मोडत नाही, हिवाळ्यातही हिरवा राहतो, आतून रिकामा म्हणून नम्र, आणि पेरे असल्यामुळे सचोटीचा. यातील शेवटच्या दोन गुणांचा उगम निसर्गात नसून चिनी शब्दांत आहे. 'जिए' म्हणजे पेर आणि 'जिए' म्हणजेच सचोटी, निग्रह. 'शू-शिन' म्हणजे रिकामे अंतर आणि विनयदेखील. हा श्लेष आहे, आणि श्लेषाचे भाषांतर होत नसते. मराठीत 'बडा घर पोकळ वासा' म्हणतात तेव्हा त्या पोकळपणाला कोणी विनय समजत नाही. पेर म्हटले की आपल्याला बोटांच्या पेरांवर केलेला हिशेब आठवतो. आपला वेळू वेगळ्याच शब्दाने अर्थवान झाला आहे. 'वंश' म्हणजे वेळू आणि 'वंश' म्हणजे कूळ, म्हणून वेळू जाळू नये अशी समजूत अनेक घरांत आहे. तोच वेळू बुरुडाच्या हातून सुपात येतो आणि अखेर तिरडीतही येतो. तेव्हा चिनी प्रतीकांची यादी पाठ करून चिनी वेळू कळेल, ही आशा व्यर्थ होय. सचोटीचे प्रतीक म्हणून वाईट हाताने काढलेला वेळूही तितकाच सचोटीचा ठरेल, मग वेन तोंगला वेगळे काढावयाचे कशाच्या आधारावर? प्रतीक सर्वांना सारखे मिळते, वळण ज्याचे त्याचे असते.

परंतु वळणाचाही साचा होऊ शकतो. वू झेन (१२८०–१३५४) याने १३५० साली आपल्या मुलासाठी वेळूचा एक चित्रसंग्रह तयार केला. बापाने मुलाला अक्षर शिकवावे तशी ती वही आहे आणि ती देखणी आहे. ली कान (१२४५–१३२०) याने तर वेळूंच्या जातींवर सविस्तर ग्रंथ लिहिला. राजदूत म्हणून आजच्या व्हिएतनामच्या प्रदेशात गेला असता तेथील वेळूही त्याने न्याहाळले. (वेळू हे गवतही नव्हे आणि झाडही नव्हे, असे एका प्राचीन चिनी वेळुग्रंथात म्हटले आहे. आपल्या कायद्याने त्याला झाड मानले होते. वनक्षेत्राबाहेरच्या वेळूपुरते ते २०१७ साली रद्द झाले.) येथवर ठीक होते. पण १७०१ साली 'मोहरीच्या दाण्याएवढी बाग' या नावाने प्रसिद्ध असलेल्या चित्रपाठमालेचा वेळू असलेला भाग छापून निघाला, आणि पानांचे झुबके कोणत्या चिनी अक्षरांच्या आकारात मांडावेत हे ठरून गेले. तीन फटकाऱ्यांचे 'गे' हे अक्षर, चार फटकाऱ्यांचे 'जिए' हे दुसरे. वेळूच्या देठांच्या गणनेसाठी वापरावयाचे अक्षरही हेच 'गे', हा योग मौजेचा असला, तरी परिणाम मौजेचा झाला नाही. उतरविणे संपले आणि गिरविणे सुरू झाले. मिंग आणि छिंग काळांतील पुष्कळसे शाईचे वेळू हे आपल्या शाळांतील कित्त्यासारखे आहेत. अक्षर वळणदार आहे, पण लिहिणारा कोण ते सांगता येत नाही. नी झान (१३०१–१३७४) याने, माझे वेळू कोणास ताग वाटोत, कोणास बोरूचे बेट वाटो, मला त्याचे काय, असे म्हणून आधीच या साच्याकडे पाठ फिरविली होती. ती वृत्ती पुढे फार थोड्यांना झेपली.

आता वारली चौकाकडे येता येईल. वेळू तेथेही आहे, परंतु हातात. टोक चावून मऊ केलेली वेळूची काडी हाच वारल्यांचा कुंचला. शेणागेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची रेषा ओली असताना फिकी दिसते आणि वाळल्यावर पांढरी होते. लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात आणि धवलेरी गाणी गाते. मध्ये पालघाट देवी येते, बाजूच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या येतो. तंत्राकडे पाहावे तर हा चौक आखण्याचा अस्सल नमुना आहे. आधी चौकट, तिच्या कडेच्या नक्षीच्या पट्ट्या आणि मग आत देवी. शेताचा बांध घालावा तशी ही सीमा आहे. चिनी 'हुआ' शब्दाचे मूळ ज्याला पाहावयाचे असेल त्याने ते येथे पाहावे. तरीही वारली त्याला 'लिहिणे' म्हणतात. म्हणजे त्यांच्या या क्रियापदाचा आधार तंत्र हा नाही. लिहिल्याने काहीतरी घडते, हा तो आधार. देवी भिंतीवर आल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. आपल्या सर्वांच्या बोलण्यातील सटवीचे लिहिणे याच जातीचे आहे. तिने कपाळी लिहिले ते कोणी वाचून दाखवीत नाही, पण ते घडते. गुजरातेतील राठवा समाजातही पिठोरा देवाची चित्रे भिंतीवर लिहितात आणि ती लिहिणाऱ्यांना 'लखारा' म्हणतात. म्हणून 'लिहिणे' या शब्दाच्या बळावर वारली चित्रांना चित्रलिपी ठरविण्याचा जो मोह अनेकांना होतो, तो टाळावा. तेथे वाचावयाची अक्षरे शोधणे हे त्या शब्दाचा अर्थ न ऐकण्यासारखे आहे.

चिनी वेळू लिहिणारा अक्षरांच्या दीर्घ सरावातून आलेला, बहुधा परीक्षा दिलेला सरकारी अधिकारी असे. त्याच्या वेळूवर त्याचा शिक्का असे, त्याच्या आणि मित्रांच्या ओळी असत, आणि पुढील धन्यांचे शिक्केही पडत. चौक लिहिणाऱ्या सवाशिणी सही करीत नसत, आणि भिंत पुन्हा सारवली की चौक जाई. एकीकडे लिहिणे म्हणजे लिहिणारा मागे राहणे. दुसरीकडे लिहिणे म्हणजे कार्य पार पडणे, मग लेखन राहिले काय आणि न राहिले काय. क्रियापद एक आणि कर्त्याचे स्थान अगदी उलट. आपल्या विद्यार्थ्यांनी तुलना करावी ती येथून पुढे. झाओ मेंगफूची पत्नी गुआन दाओशेंग (१२६२–१३१९) हिचा धुक्यापावसातील वेळूबनांचा १३०८ चा पट ताइपेइच्या संग्रहालयात आजही आहे. चौक लिहिणाऱ्या आमच्या कितीतरी पिढ्यांपैकी एकीचेही नाव कोणत्या सूचीत नाही. ही उणीव त्यांच्या लिहिण्याची म्हणता येत नाही, कारण ते लिहिणे नाव राखण्यासाठी नव्हतेच. ती उणीव आहे ती आपल्या सूचींची.

गेल्या शतकाच्या आठव्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने वारल्यांच्या हाती कागद आला, आणि जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांच्यासारखा समर्थ चित्रकार पुढे आला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. स्त्रियांच्या हातचे लिहिणे पुरुषांच्या हाती गेले, चित्राला सही आली, आणि मशे यांच्या जाळ्यांत व माणसांच्या रांगांत जी गती आहे ती पाहता आखणे सोडून ते उतरविण्याकडे गेले, असे म्हणावयास हरकत नाही. त्याच सुमारास क्रियापदही बदलत गेले. आता सर्वत्र 'वारली पेंटिंग करतात'. नाशकातील उपाहारगृहांच्या भिंतींवर आणि किटल्यांवर, साड्यांवर जे फेर धरून नाचताना दिसते, त्यातील बरेचसे चिनी पाठमालेतील पानांच्या झुबक्यांप्रमाणे गिरविलेले असते. यात दोष त्या कारागिराचा नाही. पोट भरण्यासाठी गिरवावे लागते, आणि या बाबतीत चिनी विद्वज्जनांनीही फार मोठा तोरा मिरवावा अशी त्यांची स्थिती नव्हती.

वेन तोंगकडे लोक रेशमाचे तागे घेऊन वेळू मागावयास येत, तेव्हा तो वैतागून ते तागे भुईवर टाकी आणि यांचे मोजे शिवीन असे म्हणे, ही हकीकत सू शीनेच दिली आहे. विकण्यासाठी नाही, हा या चित्रांचा अभिमान होता. सात शतकांनी झेंग बानचिआओ (जन्म १६९३) याने तो मोडला. डोळ्यांतला वेळू वेगळा, अंतःकरणातला वेगळा आणि हाताखाली येतो तो आणखी वेगळा, असे त्याने सांगितले. वेन तोंग आणि सू शी यांच्या सिद्धांताला हे मोठेच छेद देणे होय, कारण अंतःकरणात पुरा वाढलेला वेळूदेखील हात जसाच्या तसा आणीत नाही, तो वाटेत बदलतो, आणि बदलतो म्हणूनच कित्ता होत नाही. शांतुंग प्रांतातील वेइशिएन येथे दंडाधिकारी असताना त्याने वरिष्ठास दिलेल्या एका वेळूच्या चित्रावरील ओळींत, रात्री पानांची सळसळ ऐकून प्रजेच्या हालांचा भास झाल्याचे म्हटले आहे. पुढे अधिकारपद सुटले आणि यांगचौ शहरात तो चित्रे विकून राहू लागला. १७५९ साली त्याने आपल्या हाताने दरपत्रक लिहिले. मोठ्या पटाला रुप्याचे सहा ताएल, मध्यम पटाला चार, लहानास दोन. भेटवस्तू नकोत, रोख रुपेच बरे, असे त्यात बजावले आहे. कित्त्याबाहेर राहिलेल्या थोड्या वेळूंत त्या दरपत्रकानंतरचे त्याचे वेळू येतात.